सुमनअक्का आणि काशीबाय

सुमनअक्कासमोर ‘डॉल्फिन किती गोड हसतात’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हणणाऱ्याकडे ती चष्म्यावरून बघायची आणि शांतपणे सांगायची की तो हसत नाही, त्याच्या जबड्याची घडणच तशी आहे. भुकेला असो, घाबरलेला असो, किनाऱ्यावर मरून पडलेला असो, तो तसाच दिसतो. आणि मग जोडायची, “माझं उलट आहे. माझा जबडा रागावलेला आहे. मी आतून बरी असते.”

ती आतून बरी असते हे कळायला मात्र वेळ लागायचा. येलहंक्यातल्या आमच्या इमारतीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे तिला वचकून असत. मी नागपूरची. लग्नानंतर बंगळूरला आले, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत नोकरी धरली, आणि नवऱ्याचं काम येलहंक्याच्या बाजूला म्हणून घर तिथे घेतलं. समोरच्या दारावर ‘तांडेल’ अशी देवनागरी पाटी बघून मला इतका आनंद झाला की खोकी उघडायच्या आधी मी बेल वाजवली. दार अर्धंच उघडलं. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. बारीक, चढत जाणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या. मी सांगितलं, समोर राहायला आलोय, मराठी आहोत.

“बरं झालं. आत ये, पण बोलू नकोस,” ती म्हणाली.

पंखा बंद होता, खिडक्या बंद होत्या. ती डोळे मिटून ते रेकॉर्डिंग ऐकत राहिली आणि मी चपला हातात धरून घामाघूम उभी. संपल्यावर तिनं पंखा लावला, पाणी दिलं आणि सांगितलं की हे कारवारच्या समुद्रातले डॉल्फिन आहेत. यांच्यातला प्रत्येक जण लहानपणी आपली एक शिट्टी बनवतो आणि जन्मभर तीच वापरतो. आपण नाव सांगतो तसं. पोर आईपासून लांब गेलं की दोघंही आपापली शिट्टी घालत एकमेकांना शोधतात. एवढं झाल्यावर तिनं माझं नाव विचारलं, पण ते वापरलं कधीच नाही. मी तिच्यासाठी कायमची ‘नागपूर’ झाले. मी सुरुवातीला अहो-जाहो करत होते, तेही तिनं मोडून काढलं. म्हणाली, अक्का म्हणतेस ना, मग अहो कशाला.

ती कारवारच्या मच्छीमार वस्तीतली. शाळा मराठी, कॉलेज कानडी, घरात कोकणी. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत ती किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनचा अभ्यास करायची. बाटलीसारख्या आखूड चोचीचे, करड्या अंगाचे, समुद्राच्या आत फार न जाता किनारा धरून राहणारे. समुद्रापासून इतक्या लांब बसून डॉल्फिनचा अभ्यास करतेस, यावर इमारतीतले लोक विनोद करत. ती त्यांना सांगायची की समुद्रावर नुसते फोटो निघतात, ओळख इथे बसून पटवावी लागते. तिनं लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची हिंमत कुणाची झाली नाही, आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही. बंगळुरात ती मासे खात नसे. इथला मासा बर्फात झोपून आलेला असतो म्हणायची. रिक्षावाल्यांशी ती कारवारी कानडीत बोलायची. ते हसू दाबत ‘सरी अक्का’ म्हणायचे आणि तिला निमूटपणे मीटरवर न्यायचे.

रविवारी सकाळी मी तिच्याकडे फोटो लावायला बसू लागले. डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतो तेव्हा त्याच्या पाठीवरचा पर क्षणभर पाण्याबाहेर दिसतो. त्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात. कुणाला जाळ्यानं पडलेल्या, कुणाला भांडणात, कुणाला बोटीनं. त्यावरून कोण कोण ते ठरवायचं. कॉम्प्युटर ढीगभर फोटोंमधून जवळपासचे काढून द्यायचा, शेवटचा शब्द अक्काचा. मला सगळे पर सारखे दिसायचे. ती म्हणायची, तुला कारवारच्या बाजारात उभी केली तर मासे विकणाऱ्या बायकासुद्धा सारख्याच दिसतील, म्हणून काय त्या सारख्या आहेत?

हे ती उगाच म्हणत नव्हती. तिनं डॉल्फिनना नावं दिली होती ती त्याच बायकांची. गुलाब, रुक्मा, देवकी. नर होते ते सगळे तिच्या शाळेतले मास्तर. आणि एक काशीबाय. तिच्या पराचं टोक वाकलेलं होतं आणि खाली दोन खोल खाचा होत्या. तिला मीसुद्धा ओळखायला शिकले. खरी काशीबाय म्हणे अक्काच्या आईची मैत्रीण. आया बाजारात गेल्या की अर्ध्या गल्लीची पोरं तिच्या ओट्यावर असायची. ही काशीबायही तशीच. दुसरी एखादी माशांमागे गेली की तिचं पोर काशीबायच्या कडेला दिसायचं. तिची स्वतःची मात्र जगत नव्हती. म्हणून अक्काचा नियम होता, पोरानं पहिला पावसाळा काढल्याशिवाय नाव द्यायचं नाही. हा नियम शास्त्रातला की तिचा स्वतःचा, असं मी विचारलं. तिनं चष्मा पुसला आणि पुढचा फोटो लावला.

कौतुकाचं तिला वावडं होतं. एकदा इमारतीतल्या मुलांच्या कार्यक्रमात तिला बोलायला बोलावलं. सेक्रेटरींनी ओळख करून देताना सांगितलं की यांच्या वडिलांनी डॉल्फिनचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचं जाळं कापलं होतं. टाळ्या पडल्या. अक्कानं माइक घेतला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे की बाबांनी जाळं कापलं, कारण न कापता ओढलं असतं तर जाळं जास्त फाटलं असतं. मग म्हणाली, “पण कापेपर्यंत भावानं पाण्यात उतरून त्याचं डोकं वर धरलं होतं. डॉल्फिन पाण्यात बुडून मरतो, हे लक्षात ठेवा. त्याला वर येता आलं नाही तर तो आपल्यासारखाच बुडतो.”

त्या भावाबद्दल, रघूबद्दल, मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अक्काहून बराच लहान. वडील गेल्यावर त्यानं मासेमारी सोडली आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेण्याचा धंदा सुरू केला. आईसह तो जुन्या घरात राहायचा. अक्का कारवारला गेली की तिथेच उतरायची. अधूनमधून बसच्या ड्रायव्हरबरोबर आईकडून सुक्या कोळंबीची पिशवी यायची. ती आली की आमच्या मजल्यावरच्या शाकाहारी कुटुंबाची दारं दोन दिवस बंद असायची.

येलहंक्यात विमानदळाचा तळ आहे. विमानांचं प्रदर्शन भरतं तेव्हा लढाऊ विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खालून जातात की भांडी थरथरतात. त्या वर्षी आम्ही सगळे गच्चीवर गेलो होतो. अक्का माझ्या शेजारी उभी राहून काहीतरी सांगत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. विमान गेल्यावर ती म्हणाली, “आता समज, तुझं लेकरू या गर्दीत आहे आणि तुला ते फक्त आवाजावरून सापडणार आहे. आणि हे विमान दिवसभर थांबत नाही.” मला वाटलं ती विमानांबद्दल बोलतेय. ती बोटींबद्दल बोलत होती.

त्यानंतरच्या डिसेंबरात मी सुट्टी काढून तिच्याबरोबर कारवारला गेले. समुद्र मी याआधी फक्त फिरायला जाऊन पाहिला होता. एका म्हाताऱ्या मच्छीमाराची लहान बोट ती कामासाठी घ्यायची. सकाळी खाडीच्या तोंडाबाहेर त्यानं इंजिन बंद केलं आणि आम्ही नुसते डुलत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग फूऽऽ असा उच्छ्वासाचा आवाज आला, अगदी जवळून, आणि वाकडा पर वर आला. काशीबाय. तिच्या कुशीला चिकटून एक लहानसं, अंगावर आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या वळ्या अजून असलेलं पोर होतं. अक्कानं कॅमेरा डोळ्याला लावला तो काढलाच नाही. पण तिचा रागावलेला जबडा सैल पडलेला मी पाहिला. पोरानं पावसाळा पाहिला नव्हता, म्हणून ते बिननावाचंच होतं.

तेवढ्यात गाण्यांचा आवाज आला. दोन बाजूंनी दोन बोटी, दोन्हींत माणसं उभी राहून ओरडत होती. डॉल्फिन समोर दिसताच दोन्ही बोटींनी वेग वाढवला आणि त्या कळपाच्या मधून आरपार गेल्या. एक बोट रघूची होती. अक्का उभी राहून हात आडवे हलवत त्याला थांब म्हणाली. त्याला वाटलं ती हात करतेय. त्यानंही हसून हात केला.

कळप पांगला. काशीबाय वर आली ती लांब. तिच्याजवळ पोर दिसलं नाही. अक्का म्हणाली, दिसेल. अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मच्छीमाराचा निरोप आला की एक मादी मेलेलं पोर घेऊन फिरतेय. सरकारी कामासाठी आलेले एक पशुवैद्य आमच्याबरोबर बोटीत बसले. काशीबाय सापडायला वेळ लागला नाही, कारण ती हळू चालली होती. पोराला चोचीवर घेऊन ती पृष्ठभागावर उचलायची. ते घसरून खाली जायचं. ती बुडी मारून ते पुन्हा वर आणायची. बाजूनं दोघी-तिघी तिच्या चालीनं चालल्या होत्या. एकदा पोर उलटं झालं तेव्हा त्याच्या पाठीवर आडव्या, सरळ कापलेल्या जखमा दिसल्या.

पशुवैद्य भले गृहस्थ होते. ते म्हणाले, हे शव मिळालं तर बोटीच्या पंख्यानंच मृत्यू झाला हे सिद्ध करता येईल. बोटवाल्यांना नियम लावायचे म्हणून तुम्ही इतकी वर्षं धडपडताय, पुरावा समोर आहे. जाळं टाकलं तर दोन मिनिटांचं काम आहे. त्यांचं बरोबर होतं. अक्काला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं की त्यांचं बरोबर आहे. ती कठड्याला धरून बघत राहिली. काशीबाय आमच्यापासून दोन हातांवर वर आली, श्वास सोडला, आणि पोराला पुन्हा उचललं.

“तिचं अजून संपलेलं नाही,” अक्का म्हणाली. “तिच्याकडून ओढून घ्यायचं नाही. मला तो पुरावा नको.”

पशुवैद्यांनी सांगून पाहिलं की थोड्या दिवसांनी ती सोडेल तेव्हा हाती काही लागणार नाही. अक्का म्हणाली, नाही लागलं तर नाही. बोटवाल्या म्हाताऱ्याला तिनं बोट वळवायला सांगितलं. पोर नंतर खरंच सापडलं नाही.

पुढच्या महिन्यात अधिकारी, बोटवाले आणि मच्छीमार यांची बैठक होती. मी नव्हते. येलहंक्याला परत आल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिनं सांगितलं ते एवढंच. बोटवाले म्हणाले, बोटीनं मेलं याला पुरावा काय? तिनं सांगितलं, पुरावा नाही, मी पाहिलं ते सांगते. अधिकाऱ्यांनी विचारलं, मेलेलं पोर दिसलं त्याच्या आदल्या दिवशी कळपातून कोणत्या बोटी गेल्या? तिनं दोन्ही बोटींची नावं सांगितली. रघू समोरच्या रांगेत बसला होता.

दोन्ही बोटींचा परवाना त्या हंगामापुरता बंद झाला. पण बैठकीत नियमही ठरले. लांबूनच इंजिन मंद करायचं, कळपाच्या वाटेत आडवं जायचं नाही, पोर बरोबर असेल तर मागे फिरायचं. यासाठी तिनं उमेदीची वर्षं घातली होती. त्याबद्दल मी काही म्हणणार तोच ती म्हणाली, “आईनं विचारलं, सख्ख्या भावाचं नाव घेतलंस? मी म्हटलं, घेतलं. मग आई आत निघून गेली.”

तेव्हापासून सुक्या कोळंबीची पिशवी आली नाही. अक्का कारवारला जायची ती लॉजवर उतरायची. बाहेरच्या कुणाला काही फरक दिसला नसता. ती त्याच वेळी उठायची, त्याच तऱ्हेनं वॉचमनला झापायची. फक्त कारवारची बस येऊन जायच्या वेळेला ती गॅलरीत येऊन उभी राहायची. मी एकदा धीर करून म्हटलं, त्या क्षणी नाव सांगितलं नसतं तर? ती चिडली नाही. म्हणाली, मग दुसऱ्याचंही सांगता आलं नसतं. तोही कुणाचा तरी भाऊच ना.

नंतर तिचे डोळे बिघडायला लागले. रविवारी फोटो लावताना तिनं रुक्माला देवकी म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी न सांगताच तिला चूक कळली. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या मधोमध डाग पडतोय. समोरचं पुसट होत जाईल, कडेचं राहील. इंजेक्शनं घेऊन वेग थोडा कमी झाला, पण आजार थांबला नाही. डोळ्यांवर सगळं आयुष्य उभं केलेल्या बाईला हे सांगून डॉक्टरच कासावीस झालेले दिसले. तिनं त्यांना विचारलं, कडेचं राहील म्हणजे नक्की किती? मग ती कडेनं बघायला शिकली. माझ्याशी बोलताना माझ्या कानापलीकडे बघायची. तसं केलं की मी तिला दिसायचे.

एका दुपारी मी तिच्याकडे होते तेव्हा फोन वाजला. बटणं दिसत नाहीत म्हणून ती आता स्पीकरवरच बोलायची. मी उठले, तिनं हातानं बस म्हटलं. रघूचा आवाज होता. ती दोघं कोकणीत बोलायची. मला तोवर बऱ्यापैकी कळायला लागलं होतं.

त्यानं आधी आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. मग म्हणाला, “अक्का, त्या दिवशी माझ्या बोटीखाली काहीतरी लागलं होतं. मला वाटलं लाकूड. लाकूड नव्हतं ते.”

अक्का टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

“तू मागे वळून बघितलंस का?”

“नाही बघितलं.”

“हं,” अक्का म्हणाली. “जेवलास का?”

तो रडत होता हे मला कळलं. तिलाही कळलं असणार, पण ती त्याला काय जेवलास ते विचारत राहिली, आणि तो बांगडा, सोलकढी असं एकेक सांगत राहिला. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली की परवाना परत मिळाल्यापासून तो स्वतः इंजिन बंद करून लांब थांबतो, पर्यटक बडबडले तरी. आई मध्यंतरी तिच्याशी पुन्हा फोनवर बोलू लागली होती, तिनंच हे मागे सांगितलं होतं. तरी अक्का त्याच्या फोनची वाट बघत होती. मग चहा ठेवायला उठली, आणि भांडं शोधताना तिचा हात दोनदा चुकला. तो डोळ्यांमुळे चुकला की कशामुळे, कोण जाणे.

त्यानंतर रघू रोज संध्याकाळी फोन करायचा. कशी आहेस वगैरे काही नाही. आज कोण दिसलं एवढंच. मागच्या कडेला तीन खाचा, मधली खोल. अक्का डोळे मिटून म्हणायची, गुलाब. टोक गोल, एकच खाच, खाली पांढरा चरा. अक्का म्हणायची, जोशी मास्तर. मुकादमासारखी ती त्याला दटावायची की खाच आणि चरा यांत फरक करायला शिक, चरा भरून येतो. तो हळूहळू शिकला. एकदा त्यानं खाचा सांगितल्याच नाहीत. म्हणाला, काशीबाय, आणि तिच्या कडेला पोर आहे. दुसरीचं नव्हे, तिचं. अक्कानं दोनदा खात्री करून घेतली. त्या वर्षी पावसाळाभर ती हवामानाच्या बातम्या ऐकत होती. पोर जगलं. त्याचं नाव ठेवायचं काम तिनं आईवर सोपवलं.

निवृत्त झाल्यावर ती कारवारच्या घरी राहायला गेली. सामान नेणाऱ्या टेम्पोपाशी इमारतीतले सगळे उभे होते, आणि ज्यांना ती सर्वांत जास्त बोलायची ते वॉचमनअण्णा सर्वांत जास्त रडले. समोर आता व्हाइटफील्डला कामाला जाणारं एक तरुण जोडपं राहतं. चांगलं आहे. त्यांच्या घरात पंखा नेहमी चालू असतो.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामासाठी हुबळीला गेले होते, तशीच पुढे कारवार गाठलं. घरी आईनं सांगितलं, दोघं समुद्रावर आहेत. धक्क्यावर जाऊन उभी राहिले. खाडीच्या तोंडाशी रघूची बोट थांबलेली होती, इंजिन बंद, गाणी नाहीत. पर्यटक सगळे एका बाजूला ओळीनं बसून पाण्याकडे बघत होते. अक्का त्यांच्यामागे काठीसारखी ताठ उभी होती आणि रघूनं तिचं कोपर धरलं होतं. तिचं तोंड बरोबर धक्क्याकडे, माझ्याकडे होतं. मी हात उंच करून हलवला. तिनं काही केलं नाही. मी पुन्हा हलवला, हाकही मारली. एवढ्या लांबून ती पोचणार नव्हती.

मग लक्षात आलं की ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिच्या उजव्या हाताला पाणी फुटलं, वाकड्या टोकाचा पर वर आला, आणि त्याला लागून एक लहान. अक्कानं मान हलवली नाही. तशीच, समुद्राकडे डोळ्याची कड करून, त्या दोघांना बघत राहिली.